मुलांची भिशी

रविवारी रात्री दहाला पाच कमी असताना मेसेज आला. त्या वेळी मी सोमवारच्या शर्टाला इस्त्री करत होतो, बायको छोले भिजत घालत होती आणि घरात जिला चिऊ म्हणतात ती आमची तीन वर्षांची कन्या झोपायचं सोडून उशीला पावडर लावत होती. म्हणजे एकूण सगळं सुरळीत चाललं होतं. मेसेज पाळणाघराच्या काकूंचा होता. ‘नमस्कार. काही अडचणीमुळे उद्यापासून पाळणाघर बंद राहील. तसदीबद्दल क्षमस्व.’

मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा सावकाश आणि तिसऱ्यांदा ‘उद्या’ या शब्दाचा दुसरा काही अर्थ निघतो का ते बघत. मग बायकोला दाखवला. तिने वाचला आणि छोल्यांकडे बघितलं. भिजत घोंगडं म्हणतात तसे ते छोले पातेल्यात पडले होते, ज्या सोमवारच्या डब्यासाठी भिजवले त्या सोमवारचाच पत्ता नव्हता.

पालकांच्या ग्रुपवर पहिल्या मिनिटाला कुणीतरी सवयीने अंगठा दाखवला. मग शब्दांचा अर्थ डोक्यात शिरला असावा; अंगठा जाऊन तिथे जोडलेले हात आले. दहा मिनिटांत चाळीस मेसेज झाले. काकूंचे गुडघे गेले असणार, असं एकाचं म्हणणं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, हे दुसऱ्याला आतल्या गोटातून कळलं होतं. पहिल्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली असेल, असा तिसऱ्याचा संशय. ‘गॅस संपला असेल,’ असं एका आशावादी बाबांनी लिहिलं. काकूंनी फोन बंद ठेवला होता.

डोंबिवलीतले संसार तीन खांबांवर उभे आहेत. पोळीभाजी केंद्र, पाळणाघर आणि लोकल. यातल्या लोकलवर आपण भार टाकतो, भरवसा नाही. पोळीभाजी केंद्र एका गल्लीत बंद झालं तर पुढच्या गल्लीत दोन असतात. पाळणाघराचं तसं नाही. ते जुळावं लागतं, स्थळ जुळावं तसं.

काकूंचं पाळणाघर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या आणि मागची गॅलरी. बाहेर पाटी नव्हती; दारातली एवढ्याएवढ्याशा चपलांची रांग हीच पाटी. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, अकरा मुलं. साडेबाराला मऊ भात, एक वाजता गाद्या, उठल्यावर दूध आणि मग गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी. प्रत्येक मुलाची स्वतःची कुंडी. आमच्या चिऊकडे ओवा होता, आणि घरी पाहुणे आले की ती त्यांना आपलं नाव सांगायच्या आधी ओव्याची खुशाली सांगायची.

काकूंनी मुलांना आपली आपली नावं ठेवली होती. हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालणारा एक जण ‘तात्या’. आल्या आल्या सगळ्यांचे डबे उघडून बघणारी एक ‘इन्स्पेक्टर’. एकमेकांना सोडून न राहणारे जुळे भाऊ म्हणजे ‘जोडगोळी’. आमची चिऊ म्हणजे ‘बाईसाहेब’. का, ते आम्हाला विचारावं लागलं नाही.

बायकोची बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली त्या दिवसापासून चिऊ तिथे जात होती. या अडीच वर्षांत काकूंना आमच्या घरातलं सगळं माहीत झालं होतं. मी घोरतो, आम्ही पंख्याच्या वेगावरून भांडतो, माझी आई येणार असली की माळा आवरला जातो. कारण चिऊ म्हणजे आमचं आकाशवाणी केंद्र आणि बातम्या रोज सकाळी पावणेआठला. उलट काकूंबद्दल आम्हाला काय माहीत होतं? तर त्यांना एक दार आहे आणि ते साडेसातला उघडतं. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘पाळणाघर काकू’ असा होता. गॅसवाला, केबलवाला, पाळणाघर काकू.

काऊचिऊची गोष्ट मी आजवर निदान दोनशे वेळा सांगितली असेल. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो भिजत चिमणीच्या दारात येतो. आत तिचं बाळाचं एकेक काम चाललेलं, आणि कावळा आपला बाहेर थांबलेला. या गोष्टीत मी नेहमी चिमणीच्या बाजूने होतो. त्या सोमवारी, बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असताना, मला पहिल्यांदा कावळ्याचं म्हणणं पटलं.

पहिलं दार माझ्या आईचं. ती चिपळूणला असते.

‘अरे, लावणी चालू आहे,’ ती म्हणाली. ‘आठ बायका चिखलात उभ्या आहेत. त्यांची न्याहारी काय तू येऊन करणारेस? चार दिवस थांब, येते.’

कोकणातल्या लावणीचे ‘चार दिवस’ मला माहीत आहेत. त्यात एक पंधरवडा आरामात मावतो.

दुसरं दार सासूबाईंचं. त्या नाशिकला असतात, पण आषाढात नसतात. फोन लागला तेव्हा त्या माउलींच्या पालखीबरोबर फलटणच्या आसपास कुठेतरी चालत होत्या. मागे टाळ, मृदंग आणि एका ट्रकचा हॉर्न. ‘जावईबापू, काळजी करू नका,’ त्या ओरडून म्हणाल्या. ‘पांडुरंग बघून घेईल!’ जनाबाईंनी विठोबाला लेकुरवाळा म्हटलंय, तेव्हा सांभाळण्याचा अनुभव दांडगा यात शंका नाही. पण सगळे संत आधीच त्याच्या अंगाखांद्यावर. आमच्या चिऊला प्रवेश मिळेलसं वाटेना.

तिसरं दार पुण्यातल्या बहिणीचं. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे कुणी चांगली बाई मिळाली तर मलाही सांगशील?’

शेवटचं दार आमच्याच बिल्डिंगमधलं, वरच्या मजल्यावरच्या आजींचं. त्या म्हणाल्या, ‘दुपारी दोन तास ठेवीन. त्याहून जास्त माझ्याच्याने व्हायचं नाही.’ कावळ्याला एवढंही पुष्कळ होतं.

मग आम्ही रजांचा हिशेब मांडला. सोमवार माझा, मंगळवार बायकोचा, बुधवार अर्धा अर्धा.

सोमवारी अकराला ऑफिसची मीटिंग होती. मी चिऊपुढे रंगपेटी ठेवली, दार लोटून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहरा करून बसलो. दहाव्या मिनिटाला डोक्यावर पातेलं घालून ती आत आली, माझ्या मांडीवर चढली आणि पडद्यावरच्या माझ्या साहेबांना तिने विचारलं, ‘तू जेवलास का?’ काकू दारात येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारतात, कुरिअरवाल्यालासुद्धा. पडद्यावरच्या चौदा चौकटी स्तब्ध झाल्या. साहेब काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, ‘नाही.’ त्यांचा आवाज मला जरा कातर वाटला. मीटिंग नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी संपली.

पण रोज असं होत नाही. दुपारी तीनला एक तक्ता पाठवायचा होता आणि चिऊला तेव्हाच घोडा हवा होता. मी मोबाइलवर कार्टून लावून तिच्या हातात दिला. घर एकदम शांत झालं. तक्ता गेला. आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या आजी डोकावल्या.

‘दिली वाटतं बाळगोळी,’ त्या म्हणाल्या.

आजींचं माहेर-सासर दोन्ही लालबागचं. त्यांची सासू गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. त्या काळी कामावर जाणाऱ्या कितीतरी बाया पोराला अफूची इवलीशी गोळी चाटवून जात. पोर दिवसभर निपचित पडे, आई पाळी करून येई. आयांना कळत नव्हतं असं नाही. दुसरं कुणाच्या जिवावर ठेवायचं, याचं उत्तर नव्हतं. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त बायका असतील त्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं झालं. ‘माझ्या नवऱ्याला सासूने गिरणीतल्या पाळण्यात वाढवलं,’ आजी म्हणाल्या. ‘आता गिरण्याच गेल्या म्हटल्यावर पाळणे कुठले?’

मी चिऊच्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला. तिने भोकाड पसरलं. गोळी उतरताना असंच होत असणार.

बुधवारी ठाण्याला फलाटावर, दुपारी दीड वाजता, दोन गुप्तहेरांनी बॅगा बदलाव्यात तशी आम्ही मुलगी बदलली. सकाळची अर्धी पाळी संपवून बायको मुंबईहून आली, मी डोंबिवलीहून चिऊला घेऊन गेलो. मी गाडीत चढताना चिऊने आख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, ‘बाबा मला टाकून चालला!’ डब्यातल्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात मुलुंडपर्यंत फरक पडला नाही.

मधल्या वेळात आम्ही दुसरी पाळणाघरं बघत होतो. त्यांना आता पाळणाघर म्हणत नाहीत. काचेचं दार, भिंतीवर जिराफ, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा आणि चार पानी फॉर्म. ‘आपल्या पाल्याची बलस्थाने कोणती?’ बायकोने लिहिलं, ‘आवाज.’ ‘तीन वर्षांनंतर आपण पाल्याला कुठे बघता?’ मी लिहिणार होतो, ‘साडेसातनंतर, दारात.’ तिथल्या बाईंनी गोड हसून सांगितलं की जागा ऑक्टोबरमध्ये होईल, आणि मऊ भात त्यांच्या तक्त्यात बसत नाही.

ऑफिसातल्या मनुष्यबळवाल्या बाईंना मी भीत भीत विचारलं. त्यांनी कायदाच पुढे केला. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असतील त्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आली. ‘आपण सत्तेचाळीस आहोत,’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी मुलाखतीला आलेले तीन उमेदवार बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना आपणहून पाणी नेऊन दिलं, शुभेच्छाही दिल्या.

रात्री मी त्या दुरुस्तीचा मजकूर वाचला. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला बघता येईल, असं त्यात म्हटलं होतं. बापाचा त्यात उल्लेख नव्हता. हे मी बायकोला जरा खट्टू होऊन सांगितलं. ती म्हणाली, ‘हिरकणीच्या गोष्टीत तरी कुठे आहे?’

खरंच की. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी कोजागिरीच्या संध्याकाळी वरच अडकली, दरवाजे बंद झाले, खाली घरात तान्हं मूल. ती कडा उतरली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. आज एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहेत. सगळं रास्त आहे. पण इतकी वर्षं गोष्ट ऐकताना आमच्यापैकी कुणी विचारलं नाही की अशी वेळ आली तर बाळाला घ्यायला खाली घरात दुसरं कुणी का नव्हतं. आपण कडा उतरणारीचा बुरूज बांधतो, आणि शेजारची कुणी बाई ‘जा तू, मी आहे,’ म्हणून दारात उभी राहिली, तर तिची गोष्टच होत नाही. कडा उतरावा लागला नाही, मग गोष्ट कसली? काकूंनी अडीच वर्षं आम्हाला एकही कडा उतरू दिला नव्हता. म्हणून तर त्या फोनमध्ये गॅसवाल्याच्या खाली होत्या.

गुरुवारी रात्री जुळ्यांच्या आईचा मेसेज आला. ‘भिशी लावायची का? मुलांची.’

आधी कुणाला कळलं नाही. मग तिने खुलासा केला. पाच घरं, पाच वार. ज्याचा वार, त्याने त्या दिवशी घरी थांबायचं; रजा काढा, घरून काम मागा, साहेबांच्या पाया पडा. बाकीच्या चौघांनी आपली मुलं तिथे सोडून कामाला जायचं. भिशीत नंबर लागला की सगळी रक्कम एकदम आपल्या घरी येते. इथे नंबर लागला की सगळी मुलं.

ग्रुपवरची निम्मी कुटुंबं तोवर पांगली होती. कुणाची आजी आली होती, कुणी जिराफवाल्या दारात पैसे भरून मोकळे झाले होते. उरलो आम्ही पाच घरं आणि सहा मुलं. लगेच घटनात्मक पेच उभा राहिला. जोडगोळीचा हप्ता एक की दोन? रात्री साडेअकरापर्यंत खल झाला. अखेर ठरलं की हप्ता एकच, पण त्यांच्या आईने वाराच्या दिवशी सगळ्यांना शिरा करून घालावा. चिठ्ठ्या टाकल्या. मला बुधवार आला.

झोपताना मला बोर्डीची आठवण झाली. शाळेत असताना सहलीला गेलो होतो, समुद्र बघायला. तिथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेलं, हे गुरुजींनी सांगितलं होतं आणि आम्ही शिंपले वेचत ते ऐकलं नव्हतं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायका शाळाच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरली. अंगणात भरलेली ती शाळा म्हणजेच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला.

आमच्या बिल्डिंगला अंगण नाही, पार्किंग आहे. पण त्या रात्री मला वाटलं, अंगण ही जागा नसावीच. चार घरांची एका मुलावर असलेली नजर म्हणजे अंगण. काकूंनी ते तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्हाला महिन्याच्या महिन्याला भाड्याने दिलं होतं, आणि आम्ही समजत होतो की आपण भाताचे पैसे देतोय. आता ते दर दिवशी नव्या घरात अंथरायचं होतं.

शनिवारी आम्ही चिऊचं सामान आणायला काकूंकडे गेलो. एक चादर, दोन फ्रॉक, पाण्याची बाटली आणि ओव्याची कुंडी. बायकोने आठवडाभर मनात एक भाषण तयार केलं होतं. निदान एक महिना आधी कळवायला हवं होतं, आम्ही काय परके आहोत का, वगैरे. जिना उतरताना तिने ते मला एकदा म्हणूनही दाखवलं. चांगलं झालं होतं.

दार उघडंच होतं. ज्या खोलीत एक वाजता अकरा गाद्या पडायच्या, तिथे दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि काका हातात वजनकाटा धरून उभे होते.

‘या, या. बसा कुठे म्हणू, सगळीकडे पसारा,’ काकू म्हणाल्या. ‘जेवलात का?’

मग त्यांनीच सांगितलं. त्यांची लेक टोरांटोला असते. नातू अकरा महिन्यांचा. ‘तिचं पाळणाघर बंद झालं हो. अचानक. शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. सांभाळायला माणसंच नाहीत म्हणे. हिची रजा कधीच संपलेली. रात्री फोनवर नुसती रडत होती. तिकडे सरकार दिवसाला दहा डॉलरची पाळणाघरं करतंय म्हणून सांगते ती, पण रांगेत नंबर कधी लागायचा? आमचा व्हिसा झालेलाच होता. जावयाने गेल्या शनिवारी तिकिटं काढली. आज रात्रीचं विमान.’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेकडे. कॅनडाने २०२१ मध्ये ती दहा डॉलरची योजना आणली. दर उतरले आणि रांगा वाढल्या. रांगेच्या शेवटाला माझ्या मते तिकडचं ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागा असायला हवं होतं. पण ती समुद्र ओलांडून डोंबिवली पूर्वेला येऊन पोचली होती, आणि गेला आठवडाभर तिच्यात मी उभा होतो. लेकीच्या घराचा पाया वाहून गेला म्हणून काकूंनी आमच्या घराचा दगड काढून नेला होता. त्यांना आपल्या पोरीसाठी दुसरं काय करता येणार होतं?

‘सुपर व्हिसा म्हणतात त्याला,’ काका म्हणाले. ‘एका वेळी पाच वर्षं राहता येतं.’

‘पाच वर्षं?’ बायकोचा आवाज चिरकला.

‘छे हो. तिकडे नंबर लागला की परत,’ काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, बॅगेतल्या साड्या उगाच सारख्या करत म्हणाल्या, ‘तुम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगायला हवं होतं. पण मला माझं माहीत होतं. एकेकीला सांगताना रडले असते आणि पोरं घाबरली असती. म्हणून मेसेज टाकून फोन बंद केला. चुकलंच माझं.’

भाषणाची वेळ आली होती. मी बायकोकडे बघितलं.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘मेतकूट घेतलंत ना?’

‘वजनात बसत नाहीये. तेवीस किलोच नेता येतं एका बॅगेत.’

पुढचा अर्धा तास आम्ही मेतकूट बसवलं. पितळी अडकित्ता काढला, काकांचे बूट त्यांच्या पायात घातले, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळली. बॅगेला अडकवलेल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि हे कुणाचं म्हणून विचारणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं. काकूंचं. अडीच वर्षांत पहिल्यांदा वाचत होतो. छान नाव आहे.

निघताना काकूंनी एक दोनशे पानी वही काढली आणि तिच्यातलं एक पान फाडून बायकोच्या हातात दिलं. ‘बाईसाहेबांचं,’ त्या म्हणाल्या. ‘बाकीच्यांची पानंही देते, ग्रुपवर तुम्ही सगळे बोलताय ना भिशीचं? वाटून टाका.’ म्हणजे फोन बंद ठेवून त्या चोरून ग्रुप वाचत होत्या. काकांच्या फोनवरून.

पान असं होतं. ‘वरणावर तूप तिच्यादेखत घालायचं. कारल्याला हिरवी चकली म्हणायचं. ढग वाजले की घाबरते, पण विचारायचं नाही. म्हातारी हरभरे भरडतेय म्हणायचं. उजव्या कुशीवर झोपते. झोप येईस्तोवर माझा कान धरते.’

आमच्या पोरीला कान लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं. घरी ती उशी धरते. उशीला पावडर का लावत असते, याचाही तिथे थोडा उलगडा झाला. काकूंच्या कानामागे पावडरचा वास असायचा.

भिशी सुरू झाली त्याला आता दोन आठवडे झाले. सोमवारी इन्स्पेक्टरच्या घरी, मंगळवारी जोडगोळीच्या, बुधवारी आमच्याकडे. साडेआठला दारात सात-आठ इंचांच्या चपलांची रांग लागते. पहिल्या बुधवारी नऊ वाजेपर्यंत इन्स्पेक्टरने फ्रिज तपासून झाला होता, तात्या हात मागे बांधून बेडरूम ते गॅलरी पाहणी करत होता आणि जोडगोळीने माझ्या लॅपटॉपची वायर ही मांजराची शेपूट आहे असं ठरवून टाकलं होतं. मांजर कुठे आहे, हे शोधण्यात त्यांचे दोन तास गेले आणि माझी एक मीटिंग. अकरा वाजता मला काकूंच्या त्या तळमजल्याबद्दल इतका आदर वाटला की मी जमिनीवर बसलो. उभं राहायची ताकद नव्हती हेही खरं.

मऊ भात मात्र जमला. तूप सगळ्यांच्यादेखत घातलं.

दीड वाजता सहा गाद्या ओळीने पडल्या. प्रत्येकाचं पान माझ्यासमोर होतं. तात्याला पाठीवर थोपटायचं, मोजून. पन्नासच्या आत झोपतो. इन्स्पेक्टरला सांगायचं की सगळे डबे बंद आहेत. जोडगोळीचे हात एकमेकांत देऊन ठेवायचे. आभाळ काळवंडलं, गडगडाट झाला. ‘म्हातारी हरभरे भरडतेय,’ मी म्हणालो. ‘बाबा, म्हातारीला घरी कोण बघतं?’ चिऊने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझा डावा कान धरून उजव्या कुशीवर वळली.

एकेक करून सगळी झोपली. कान सुटेना म्हणून मी तसाच वाकून पडून राहिलो. तेवढ्यात फोन थरथरला. पडद्यावर आता ‘पाळणाघर काकू’ नव्हतं. शनिवारी रात्रीच मी तिथे त्यांचं नाव लिहिलं होतं. मोकळ्या कानाला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले असणार.

‘झोप लागत नाही हो इथे,’ काकू कुजबुजल्या. ‘दीड वाजले की डोळे टक्क उघडतात, तिकडचे दीड. झोपली का सगळी?’

‘सगळी,’ मी कुजबुजलो. ‘तुमचा नातू?’

‘आत्ताच. कान लाल झालाय माझा. तुम्ही जेवलात का?’

घड्याळात पावणेदोन झाले होते. पातेल्याच्या तळाशी भात उरला असावा. ‘नाही,’ मी म्हणालो. आणि मग, अडीच वर्षांच्या थकबाकीचा पहिला हप्ता म्हणून विचारलं, ‘काकू, तुम्ही जेवलात का?’

‘अहो, पहाटेचे चार वाजलेत!’ म्हणून काकू अशा खदखदून हसल्या की फोनमधल्या त्या आवाजाने जोडगोळीतला एक उठून बसला. आणि एक उठला की दुसरा उठतो, हे त्यांच्या पानावर पहिल्याच ओळीत, अधोरेखित करून लिहिलेलं होतं.